वाचक विचारतात: गाव, गोंद आणि कँटरबरीची वाट

मागच्या अंकात जुन्या युद्धपटांची एक यादी दिली होती, त्यात 'अ कँटरबरी टेल' या १९४४ च्या ब्रिटिश सिनेमावर चारच ओळी होत्या. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीचा सिनेमा, युद्ध चालू असताना केंट परगण्यातल्या खेड्यात घडतो, बंदूक जवळजवळ नाहीच, जरूर बघा, एवढंच लिहिलं होतं. पत्रं आणि व्हॉट्सॲप मात्र सगळे त्या चार ओळींवरच आले, कुणी भारावून, कुणी चक्क चिडून. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच. शेवट सांगितल्याशिवाय काही उत्तरं देताच येत नाहीत, तेव्हा ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी बघून घ्या.

प्रश्न (सातारा): सुरुवातीचा घोड्यांवरचा भाग सोडला तर पुढं स्टेशनवर नुसता अंधार आहे, कोण बोलतंय ते पण कळत नाही. प्रिंट खराब आहे का? आणि युद्धपट म्हणता तर युद्ध कुठंय?

प्रिंट खराब नाही, तो अंधार मुद्दाम आहे. जर्मन विमानांना खालची गावं दिसू नयेत म्हणून इंग्लंडभर रात्री ब्लॅकआऊट असायचा, खिडकीतून उजेडाची चीर सुद्धा बाहेर आलेली चालायची नाही. आता अशा रात्री तिघं अनोळखी माणसं चिलिंगबोर्न नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरतात. ॲलिसन ही लंडनच्या दुकानात काम करणारी, आता शेतावर कामाला आलेली. पीटर इंग्रज सार्जंट. आणि बॉब अमेरिकन सार्जंट, त्याला जायचं होतं कँटरबरीला, म्हणजे केंटमधल्या जुन्या तीर्थाच्या शहराला, पण 'पुढचं स्टेशन कँटरबरी' ही हाक अर्धवट ऐकून तो एक स्टेशन आधीच उतरतो. त्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, मग आपल्याला का दिसावेत? कॅमेरामन अर्विन हिलियर बर्लिनमध्ये तयार झालेला माणूस, अंधार कसा उजळायचा यापेक्षा अंधार अंधारासारखाच कसा ठेवायचा हे त्याला फार छान कळायचं. आणि सकाळ झाली की बघा, तेच गाव, ढग, उतारावरचं गवत, डोळे निवतात. रात्र एवढी गडद ठेवली नसती तर ती सकाळ एवढी मोठी वाटली नसती.

युद्ध कुठंय म्हणाल तर सगळीकडे आहे, फक्त गोळीबार नाही. पोरं नदीवर लुटुपुटूची लढाई करतायत, बायका शेतावर आहेत कारण पुरुष लष्करात गेलेत, गाडीभर सैनिक गावात येऊन पडलेत आणि आणखी थोड्या दिवसांनी आपण कुठं असू हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. शूटिंग १९४३ सालचं, सिनेमा आला १९४४ मध्ये, जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. म्हणजे पडद्यावर जी पोरं हसताना दिसतात तशाच पोरांच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेलं होतं ते आपल्याला माहितीय. मला तरी हे न दाखवलेलं युद्ध जास्त लागलं.

घोड्यांवरचा भाग म्हणताय तो चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या, कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंचा. त्यात एक जण ससाणा सोडतो, ससाणा आकाशात जातो, आणि त्याच जागी झेपावतं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान, खाली बघणारा चेहरा तोच पण आता डोक्यावर लष्करी हेल्मेट. एका कटमध्ये सहाशे वर्षं! पुढं १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकनं '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये एका कटनं हाडाचं अंतराळयान केलं ते जगभर गाजलं, पण हे त्याच्या चोवीस वर्षं आधीचं आहे.

प्रश्न (इस्लामपूर): मला हा सिनेमा अजिबात आवडला नाही. रात्री मुलींच्या केसात गोंद ओतणारा माणूस, आणि तो निघतो गावातला प्रतिष्ठित गृहस्थ, आणि त्याला शिक्षा पण नाही. तुम्ही याचं कौतुक कसं करता?

ताई, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे आणि तो पत्रात स्पष्ट लिहिलात हे फार बरं केलं. आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोलपेपर हा गावचा मॅजिस्ट्रेट, शेतीवाडी असलेला, इतिहासाचा नाद असलेला माणूस. त्याला वाटतं की छावणीतल्या सैनिकांनी संध्याकाळी आपली व्याख्यानं ऐकावीत, ही जमीन किती जुनी आहे, या वाटेनं कोण कोण चालत गेलं ते समजून घ्यावं. पण सैनिक मुलींबरोबर फिरायला जातात. मग हा अंधारात मुलींच्या केसात गोंद ओततो, म्हणजे मुली घाबरून घरी बसतील आणि सैनिक व्याख्यानाला येतील.

हेतू चांगला म्हणून कृत्य चांगलं होत नाही. आपल्याकडे पण अशी माणसं आहेत, गावाच्या भल्याचं बोलत बोलत मुलींनी कुठं जावं, किती वाजता घरी यावं हे ठरवणारी. फरक एवढाच की सिनेमा कोलपेपरला पूर्ण सोडून देत नाही. तीन पाहुणे त्याला शोधून काढतात, गावातली पोरं रद्दी गोळा करण्याच्या निमित्तानं घरोघर फिरून पुरावा आणून देतात, आणि शेवटी कँटरबरीला जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात चौघं समोरासमोर बसतात. तिथं ॲलिसन त्याला विचारते की मुलींना व्याख्यानाला बोलवावं असं तुम्हाला कधी सुचलंच नाही का? त्या एका प्रश्नात त्याचं सगळं शहाणपण उघडं पडतं. जमिनीवर जीव असलेली मुलगी समोर बसलीय, तिनंच यात्रेच्या जुन्या वाटेवरच्या टेकडीवर उभं राहून जुन्या यात्रेकरूंचे आवाज ऐकलेत, आणि यानं तिला पहिल्याच दिवशी 'मुलगी' म्हणून शेतावर घ्यायला नकार दिला होता.

पण शिक्षेचं म्हणाल तर तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. पीटर पोलिसांत तक्रार करणार असतो, ते राहूनच जातं. सिनेमाच्या मते कँटरबरीला माणूस एक तर आशीर्वाद घ्यायला जातो नाहीतर प्रायश्चित्त घ्यायला, आणि कोलपेपरचं प्रायश्चित्त म्हणजे ॲलिसन त्याची होणार नाही हे त्याला कळणं. ज्या मुलींचे केस कापावे लागले असतील त्यांच्या दृष्टीनं हे प्रायश्चित्त फारच स्वस्त आहे. सिनेमा मोठा आहे म्हणून त्याची ही बाजू झाकायची गरज नाही. १९४४ मध्ये सुद्धा लोकांना हा गोंदवाला पचला नव्हता, समीक्षक गोंधळले आणि सिनेमा चालला नाही.

प्रश्न (तासगाव): आमच्या घरी तीन पिढ्यांचं सुतारकाम. त्यात अमेरिकन सैनिक आणि म्हातारा सुतार लाकडावर बोलतात तो सीन मी चार वेळा मागं घेऊन बघितला. ते खरंच बरोबर बोलतात का, का नुसतं सिनेमापुरतं?

तुमच्या पत्रानं मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण माझ्या मते हाच सीन या सिनेमाचा गाभा आहे आणि बहुतेक लोक त्यावरून पुढं निघून जातात.

बोलतात ते बरोबर बोलतात. तिकडचं गाडीचं चाक तीन लाकडांचं असायचं. मधला तुंबा एल्मचा, कारण एल्मचे धागे एकमेकांत अडकलेले असतात, इतके आरे ठोकले तरी तो चिरत नाही. आरे ओकचे, वजन पेलायला. आणि बाहेरचे पाटे ॲशचे, त्याला लवचिकपणा असतो म्हणून दगडधोंड्यांचे दणके सोसतो. वरून लोखंडी धाव तापवून चढवायची, ती थंड होताना आवळते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आपल्याकडे हेच सगळं बाभळीवर निघायचं. लाकूड वाळवायचा तिकडचा जुना हिशोब म्हणजे जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, आणि ओक तोडायचा तर हिवाळ्यात. बॉब ओरेगॉनचा, लाकडाच्या धंद्यातल्या घरातला, त्यामुळे त्याला हे सगळं वडिलांकडून आलेलं. म्हातारा आधी परका सैनिक म्हणून जरा अंतर ठेवून असतो, आणि मग लाकूड कधी तोडायचं, किती वाळवायचं यावर बोलणं सुरू झालं की दोन मिनिटांत दोघं एका घरचे होतात. घाईघाईनं कच्चं लाकूड तोडून पैसा करणाऱ्यांवर दोघांचा राग सुद्धा एकच.

आता ॲलिसनचं बघा. ती इंग्रज, तो म्हातारा इंग्रज, पण तिचं त्याच्याशी जमत नाही, आणि समुद्रापलीकडून आलेल्या माणसाचं जमतं. हा सिनेमा काढला तो इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांमध्ये सलोखा वाढावा म्हणून, लाखो अमेरिकन सैनिक तेव्हा इंग्लंडात येऊन राहिले होते आणि कुरबुरी होत्याच. दुसऱ्या कुणी झेंडे दाखवले असते, भाषण ठोकलं असतं. पॉवेल-प्रेसबर्गरनी लाकूड दाखवलं. माणसाचं आपल्या मातीवर प्रेम आहे हे तो छाती ठोकून सांगतो त्यावरून नाही, तो काम कसं करतो त्यावरून दिसतं, हे मला या सिनेमानं जेवढं पटवलं तेवढं दुसऱ्या कशानं पटवलं नसेल.

प्रश्न (फलटण): माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते. सिनेमातली ती यात्रेची वाट म्हणजे आपल्या वारीसारखंच काही होतं का? आणि आता ती चालू आहे का?

थोडंफार सारखं, बरंचसं वेगळं. कँटरबरीचा आर्चबिशप म्हणजे मुख्य धर्मगुरू थॉमस बेकेट याचा राजाच्या सरदारांनी २९ डिसेंबर ११७० ला तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या आतच खून केला. राजाशी त्याचं भांडण होतं. पुढं त्याला संत ठरवलं गेलं आणि लोक त्याच्या समाधीला चालत, घोड्यावरून जायला लागले. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरनं त्याच यात्रेकरूंच्या गोष्टी लिहिल्या, त्यात सरदार आहे, पिठाच्या चक्कीवाला आहे, पाच लग्नं केलेली बाई आहे, साधू आहेत आणि लबाड पण आहेत. वाटेत कोण कुणाच्या शेजारी चालेल याचा नेम नाही, हे वारीच्या जवळ जाणारं.

पण ती परंपरा तुटली. आठव्या हेन्रीच्या हुकमानं १५३८ मध्ये बेकेटची समाधी उद्ध्वस्त केली गेली आणि यात्राच थांबली. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत जाणारा प्रवाह तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघता, चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघता, त्यामुळे तुम्हाला हे कळणार नाही की तुटलेल्या वाटेवर उभं राहणं म्हणजे काय. सिनेमातल्या माणसांकडे वारी नाही, नुसती वाट उरलीय. म्हणून ॲलिसनला टेकडीवर घोड्यांच्या टापा, हसणं, वाद्यं ऐकू येतात तेव्हा ती दचकते. आणि सिनेमा म्हणतो की युद्धाच्या रेट्यानं ही तिघं, त्यांना माहीत नसताना, पुन्हा त्याच वाटेनं चालली आहेत. हल्ली हौशी लोक तिथून चालतात, यात्रेकरूंची वाट म्हणून खुणा केलेल्या आहेत, पण पालखी-दिंडीसारखं सामुदायिक काही नाही.

प्रश्न (कुंडल): माझा प्रश्न जरा कडू आहे. ज्या १९४३ मध्ये हा सिनेमा तिकडं शूट झाला त्या १९४३ मध्ये आमच्या गावात पत्री सरकार होतं. आमची माणसं इंग्रजांविरुद्ध जीव देत होती. आम्ही त्यांच्या गावच्या सौंदर्याचं कौतुक का करायचं?

कडू नाही, हा प्रश्न इथूनच यायला पाहिजे होता.

तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग धरून. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि शेकडो माणसं, गावोगावी न्यायदान मंडळं, कर्ज न काढता साधेपणानं लावलेली गांधी पद्धतीची लग्नं, तुफान सेना, आणि जून १९४३ मध्ये शेणोलीला सरकारी पगाराची रेल्वे लुटली ती. त्याच उन्हाळ्यात केंटमध्ये हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या मळ्यात कॅमेरा लागलेला. त्याच साली बंगालमध्ये माणसं भुकेनं मरत होती. आणि त्याच वेळी याच सातारा जिल्ह्यातली, अपशिंग्यासारख्या लष्करी परंपरेच्या गावातली पोरं इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेत, इटलीत लढत होती. काही घरांत तर एक भाऊ भूमिगत आणि एक भाऊ पलटणीत.

या सिनेमात यातलं काही नाही. साम्राज्य हा विषयच नाही. कोलपेपर बोलतो ते आपल्या बापजाद्यांच्या जमिनीबद्दल, ही जमीन समजून घ्या म्हणतो, पण त्याच्यासारखेच सुशिक्षित इंग्रज अधिकारी दुसऱ्यांच्या जमिनीवर बसून हुकूम सोडत होते हे त्याच्या मनाला शिवत नाही. ही सिनेमाची मोठी उणीव आहे आणि आपण ती बघणार, कारण आपल्यालाच ती दिसणार. तिकडच्या समीक्षकांच्या लिखाणात हे सहसा सापडत नाही.

तरी मी बघा का म्हणतो? कारण कोलपेपरचं म्हणणं खरं धरलं, माणूस ज्या मातीत राबतो ती त्याची असते आणि तिच्यासाठी तो लढणारच हे मान्य केलं, तर मग कुंडलच्या माणसांचं काय चुकलं? सिनेमा बनवणाऱ्यांना अभिप्रेत असो नसो, त्यांनी आपल्याच बाजूची साक्ष दिलीय. राग ठेवूनच बघा, रागानं बघितला तरी सुतारशाळेतला म्हातारा तुम्हाला परका वाटणार नाही असं माझं मन सांगतं.

अजून एक, याला 'अस्सल इंग्रजी' सिनेमा म्हणतात ना, तर पॉवेल केंटचाच, कँटरबरीच्या शाळेत शिकलेला. पण लेखक प्रेसबर्गर हंगेरियन ज्यू, नाझी आल्यावर जर्मनी सोडून पळालेला. संगीतकार ॲलन ग्रे मूळचा पोलंडमधला, कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंग जर्मन, कॅमेरामन बर्लिनचा. ज्यांचं स्वतःचं गाव सुटलं त्या माणसांनी दुसऱ्याचं गाव एवढ्या मायेनं दाखवलंय, हे डोक्यात ठेवून एकदा परत बघा.

प्रश्न (वाई): आमच्याकडे मेणवलीला, घाटावर सारखी शूटिंग असतात म्हणून विचारते, चिलिंगबोर्न खरंच आहे का?

नाही, नाव काल्पनिक. चिलहॅम, फोर्डविच, विकहॅमब्रो वगैरे केंटमधली खरी गावं जोडून एक गाव केलंय. कँटरबरी मात्र खरं आणि त्यातली पडझड पण खरी. ३१ मे ते १ जून १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी शहराचा बराच भाग जाळला. ल्यूबेक या जर्मन शहरावरच्या ब्रिटिश बॉम्बफेकीचा सूड म्हणून जर्मनांनी इंग्लंडमधली जुनी देखणी शहरं निवडली, एक्सिटर, बाथ, नॉरिच, यॉर्क आणि हे. ॲलिसन त्या रिकाम्या झालेल्या रस्त्यावरून चालते, दुकान होतं तिथं खड्डा आणि दुकान आता कुठं गेलंय त्याची पाटी, हे सेट नाहीत. तिथं एक बाई तिला सांगते की काय ही दशा, पण आता कॅथेड्रल मात्र छान दिसतं. घरं गेल्यावर सुद्धा असं बोलणारी माणसं, मला ती बाई विसरता येत नाही.

प्रश्न (मिरज): पीटर शेवटी जो ऑर्गन वाजवतो तो आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनसारखाच का?

नाही हो, खूप फरक. आपल्या नाटकातला ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायचा, आत पितळी पत्त्या. चर्चमधला हा हजारो नळ्यांचा, भिंतीएवढा, पायाखाली पण सुरांच्या पट्ट्या. पीटर शिकला होता चर्चमध्ये वाजवायला, पण पोटासाठी थिएटरमधला ऑर्गन वाजवत राहिला आणि त्याची सल त्याला आहे, वरवर तो कितीही टवाळी करू दे. मोहिमेवर निघायच्या आधी त्याला कॅथेड्रलचा ऑर्गन मिळतो आणि तो बाख वाजवतो. गंमत म्हणजे कॅथेड्रलमध्ये तेव्हा बॉम्बच्या भीतीनं खिडक्यांच्या रंगीत काचा काढलेल्या आणि ऑर्गन हलवलेला, म्हणून आतला सगळा भाग युंगनं डेनहॅम स्टुडिओत उभा केला. सांगितल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न (सांगली): बॉबचं काम करणारा नट मला अवघडल्यासारखा वाटला. आणि ॲलिसन कोण, नंतर दिसली नाही?

बॉब म्हणजे जॉन स्वीट, तो नट नव्हताच, अमेरिकन लष्करातला खराखुरा सार्जंट. पहिला अर्धा तास तो अवघडलेला वाटतो हे मान्य, पण अभिनय येत नाही हेच त्याचं बलस्थान झालंय, सुताराशी बोलताना तो ऐकतो ते खरं ऐकतो. मानधन मिळालं २००० डॉलर, ते सगळे त्यानं एनएएसीपीला म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. १९४४ मध्ये एका गोऱ्या सार्जंटनं हे करणं साधी गोष्ट नाही.

ॲलिसन म्हणजे शीला सिम, तिचा हा पहिलाच सिनेमा. पुढच्या वर्षी तिनं रिचर्ड ॲटनबरोशी लग्न केलं, हो तेच, १९८२ चा 'गांधी' करणारे.

प्रश्न (विटा): माझ्या भावानं बघितला त्यात सुरुवातीला बॉब त्याच्या बायकोला गोष्ट सांगतोय असं होतं. मी बघितला त्यात असं काहीच नाही. कुणाचं खरं?

दोघांचं खरं, पण तुमचा मूळचा. इंग्लंडमध्ये पडला म्हणून १९४९ मध्ये अमेरिकेसाठी सिनेमा बराच कापला आणि किम हंटरला बॉबची बायको करून नवीन सीन जोडले. मूळ कथेत बॉबला बायको नाही, त्याची मैत्रीण आहे आणि तिची पत्रं येत नाहीत म्हणून तो झुरतोय, ती पत्रं शेवटी मिळतात तीच तर त्याची कँटरबरी. ते आधीच सांगून टाकलं तर उरलं काय? १९७० च्या दशकात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं मूळ रूप पुन्हा उभं केलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी, १२४ मिनिटांचा असेल तोच घ्या. भावाला पण तो दाखवा, आणि स्टेशनचा सीन येईल तेव्हा खोलीतला दिवा बंद करा म्हणजे साताऱ्याच्या वाचकांना पडला तो प्रश्न तुम्हाला पडणार नाही.